टायरामागं अडलेली वाळू

८ एप्रिल २००१, रविवार

ही डायरी एका ऑइल कंपनीच्या माणसानं जानेवारीत फुकट दिली होती. तेव्हापासून ती पान्यांच्या डब्याखाली पडून होती, पहिल्या पानांना ग्रीस लागलं आहे. आज उचलली, कारण डोक्यात एक कल्पना आली आहे. बायकोला सांगितली तर ती हसेल, आणि मेव्हण्याला सांगितली तर सारोळ्यापासून शिरवळपर्यंत सगळ्यांना कळेल. कागद निदान हसत नाही.

तर, मी एहसान. हायवेला माझं टायरचं दुकान. दुकानामागं माझीच थोडी जागा, आणि जागा संपली की नीरा नदी. त्या जागेत जुन्या टायरांचा एवढा डोंगर झाला आहे की पावसाळ्यात अख्ख्या तालुक्याचे डास तिथं बाळंतपणाला येतात. ग्रामपंचायत म्हणते हलव. कुठं हलवू? डोक्यावर घेऊन फिरू?

आज दुपारी केबलवर प्राण्यांच्या चॅनलवर एक कार्यक्रम लागला होता. परदेशात लोक समुद्रात जुने टायर, मोडक्या बोटी, सिमेंटचे ठोकळे बुडवतात. त्याला नकली खडक म्हणतात. त्यात मासे घर करतात. एकेका टायरात असे मासे की बघूनच तोंडाला पाणी सुटलं. मग तो बोलणारा गडी म्हणाला, "मात्र ह्या खडकांमुळं किनाऱ्यावरच्या वाळूचं..." आणि लाईट गेली.

जाऊ दे. वाळूशी मला काय करायचं आहे? मला मासे पाहिजेत. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण पाणी ते पाणी.

११ एप्रिल

बायकोला, हसीनाला, सांगितलं शेवटी. पोटात राहिना. ती म्हणाली, "अवं, लोक नदीत निर्माल्य टाकतात, तुमी टायर टाका. तेवढंच राह्यलं व्हतं." बायकांना विज्ञान कळत नाही.

२२ एप्रिल, रविवार

झालं काम. मतीनला, म्हणजे मेव्हण्याला, मटणाचं आमिष दाखवून आणलं. नदी आता गुडघाभर आहे. ट्रकचे टायर ढकलत नेले, क्रेनच्या जुन्या वायररोपमधी ओवले, पोटात दगड भरले आणि काठापासून निम्म्या पात्रापर्यंत आडवी रांग लावली, तीन थरांची. पहिले दोन टायर हवा धरून तरंगत थेट पुलाखाली गेले. मतीन त्यांच्या मागं पळत गेला आणि पडला.

आमचं चाललं होतं तेव्हा जाईआक्का काठावर येऊन उभी राहिली. जाईबाई तिचं नाव, माझ्याहून मोठी, म्हणून आक्का. तिचं रान माझ्या जागेच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. नवरा सोनबा गेल्यापासून एकटीच करते. रान कसलं, मुरूम. पण नदीतल्या वाळूत ती दरसाल कलिंगडं लावते. पाणी ओसरलं की वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, बी टोकायचं. आमच्याकडं रीतच आहे, ज्याचं रान नदीला, त्याच्या समोरची वाळू त्याची. सरकार काही म्हणो. तिची कलिंगडं उन्हाळाभर माझ्या दुकानापुढं विकायला असतात आणि ती दिवसभर माझ्याशी भांडत बसते. मी पंक्चरचा भाव सांगितला की ती गिऱ्हाइकाला म्हणते, "जास्त सांगतोय, मुलखाचा चोर हाय." तिच्याशी भांडल्याशिवाय माझा उन्हाळा जात नाही.

तिनं विचारलं काय करतोस. म्हटलं माशांना चाळ बांधतोय. ती म्हणाली भाडं कोण वसूल करणार, आणि निघून गेली.

२० मे

वाम! मनगटाएवढी! टायरच्या पोटात बसली होती महाराणीसारखी. मतीननं हात घातला आणि बोंबलला. शिवाय दोन मरळ. हसीना न बोलता कालवणाला लागली. न बोलता म्हणजे ती हरली.

जाईआक्काला वाटीभर कालवण पाठवलं. निरोप आला, मीठ कमी आहे.

३ जून

किकवीहून दोन माणसं खास टायर बघायला आली होती. त्यांना मी समुद्र, खडक, परदेश, सगळं समजावून सांगितलं. एकानं विचारलं तुम्ही कुठं शिकला. म्हटलं वाचन आहे.

१२ जुलै

नदी दोन्ही काठ भरून चालली आहे, चहाच्या रंगाची. धरणातूनही पाणी सोडलं आहे. टायर दिसत नाहीत, पण त्यांच्या जागी पाणी फुगून वर येतंय, म्हणजे आहेत. वायररोप शंभर नंबरी निघाला.

२८ सप्टेंबर

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो हे मी ऐकलं होतं. आज पाहिलं. पाणी उतरलं आणि माझ्या जागेसमोर, टायरांच्या अलीकडं आणि पाठीमागच्या आडोशाला, वाळूच वाळू! जिथं नुसता चिखल आणि गोटे होते तिथं चाळून आणल्यासारखी वाळू, कंबरभर. टायर निम्मे गाडले गेले आहेत. तीस वर्षं मी हितं आहे, माझ्या दारात नदीनं कधी घमेलंभर टाकली नव्हती.

गाव बघायला आलं. सगळे म्हणाले, एहसान नशीब काढलंस. मी म्हटलं नशीब नाही, नियत. रीतीप्रमाणं ती आता माझी. मीही कलिंगडं लावणार. हसीना विचारत होती, आली कुठून एवढी? म्हटलं वरून आली. नदी वरूनच येते.

३ ऑक्टोबर

वाईट झालं. जाईआक्काची वाळू गेली.

सकाळी तिनं हाक मारली म्हणून गेलो. तिच्या रानासमोर काळा खडक उघडा पडला आहे, धुऊन काढल्यासारखा. एवढी वर्षं पूर आला की जुनी वाळू जायची आणि नवी यायची. औंदा जुनी गेली, नवी आलीच नाही. ती खडकावर बसून होती. मला वाटलं शिव्या देईल कुणाला तरी. ती काहीच बोलली नाही, ते मला सोसलं नाही. माझं डोकं सणकलं.

वाळू काय उडून जाते? वाळू चोरीला जाते. आणि चोर कोण हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या गावात ट्रॅक्टर-ट्रॉली ज्ञानूकडं आहे. ह्याच ज्ञानूनं चार वर्षांपूर्वी घराच्या जोत्यासाठी एक ट्रॉली उचलली होती आणि दंड भरला होता. चोर तो चोर.

एक गोष्ट मात्र मी आक्काला बजावून सांगितली. म्हटलं, तुझा भाऊ बसलाय, मी ह्याचा छडा लावतो.

७ ऑक्टोबर

ग्रामपंचायतीपुढं मी बोललो. असा बोललो की लोक उठून उभे राहिले. एका एकट्या बाईच्या तोंडचा घास काढणाऱ्याला नदी माफ करणार नाही, असं म्हणालो. कुणी म्हणालं पुलाच्या नव्या कामानं झालं असेल, कुणी म्हणालं धरणानं. मी म्हटलं पूल आणि धरण ट्रॉली चालवत नाहीत. लगेच वाळू राखण समिती झाली. अध्यक्ष मी.

ज्ञानू मागं उभा होता. तो म्हणाला, "एहसान, पुराच्या दिसांत ट्रॅक्टर नदीत घालाया मी काय गाढव हाय?" मी म्हटलं समितीपुढं खुलासा कर. लोक हसले. ज्ञानू नाही हसला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो.

१४ ऑक्टोबर

काल भोरला जाऊन तहसीलमधी अर्ज दिला. विनापरवाना वाळू उचलणारी कुठलीही गाडी दिसली की जप्त करावी, अशी मागणी. साहेब म्हणाले तलाठ्याला कळवतो, कडक लक्ष ठेवायला सांगतो. मी म्हटलं कडकच पाहिजे. येताना छाती दोन इंच फुगली होती.

ज्ञानूनं माझ्या दुकानात टायर आणणं बंद केलं आहे. शिवऱ्याला जातो म्हणे. जाऊ दे.

३० ऑक्टोबर

आज जाईआक्का आली होती. दसऱ्याला भोरला विहारात नेसून गेली होती ते पांढरं लुगडं नेसून आली होती, त्यामुळं मला वाटलं कुठं निघाली आहे. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. एरवी कधी थांबत नाही, गिऱ्हाइकाच्या अंगावरून बोलते.

मग म्हणाली, "एहसान, तुझ्या वाळूत कलिंगडं लावणार हायेस म्हणं. तुला खड्डे घ्यायला माणूस लागंल. मला ठेव रोजावर."

ती म्हणाली की तिचा अजित पुण्यात बांधकामावर वॉचमन आहे, पत्र्याच्या खोलीत राहतो, तो म्हणतो ये. पण तिला जायचं नाही. तिथं तिला सिमेंटच्या पोत्यांवर बसून राहावं लागेल. हितं रोज मिळाला तर साल निघेल.

मला लई बरं वाटलं. लगेच हो म्हटलं. म्हटलं आक्का, बाकीच्यांपेक्षा तुला जास्त देईन, आणि तू सांगशील तसंच लावू. तुझं दुःख ते माझं दुःख. तिनं हात जोडले. मला! आजवर तिनं मला कधी हात जोडले नव्हते.

रात्री जेवताना हसीनाला सांगितलं की बघ, ह्याला म्हणतात आधार देणं. तिनं भाकरी ताटात टाकली ती जरा जोरातच. हिला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही का काय कळत नाही.

९ नोव्हेंबर

मी गाढव आहे. ज्ञानू नाही, मी.

दुपारी तोच कार्यक्रम पुन्हा लागला. हसीनाला हाक मारली, म्हटलं ये, तुझ्या नवऱ्याचं विज्ञान बघ. मतीनही होता. टायर आले, मासे आले, मी ऐटीत. मग तो गडी म्हणाला, "मात्र ह्या खडकांमुळं किनाऱ्यावरच्या वाळूचं..." आणि लाईट गेली नाही.

त्यानं नकाशा काढून दाखवलं. पाण्यातली वाळू सारखी चालत असते, एका किनाऱ्यावरून दुसऱ्याकडं. मधी आडवं काही टाकलं की पाणी तिथं मंद होतं आणि वाळू टाकून देतं. एका ठिकाणी ढीग होतो. आणि पुढच्या किनाऱ्याला जी मिळायची ती मिळत नाही. तिथलं पाणी उपाशी, ते असलेली वाळूही खाऊन जातं. मग दाखवला एक किनारा. काळा खडक. धुऊन काढल्यासारखा.

मतीन म्हणाला, "दाजी, हे तर आपल्या..." मी म्हटलं गप.

हसीना म्हणाली, "लाईट अर्ध्यावर गेली व्हती, म्हणून अक्कल बी अर्धीच आली."

वाळूचोर सापडला. तो समितीचा अध्यक्ष आहे. आणि जिची वाळू, ती त्याच्याकडं रोजावर यायला निघाली आहे आणि त्याला हात जोडते आहे. तोबा.

१२ नोव्हेंबर

तीन दिवस सांगायला निघतो आणि तिच्या दारातून परत येतो. आज दारापर्यंत गेलो तर ती म्हणाली, बरा आलास, तुझ्यासाठी बी निवडून ठेवलंय, माझ्याकडचं चांगलं. मी बी घेऊन आलो.

वर मन म्हणतं, रीतीप्रमाणं समोरची वाळू तुझीच. कुणी बोट दाखवू शकत नाही. हे मन माझंच आहे, पण त्याच्या दोन थोबाडात द्याव्यात असं वाटतं.

१६ नोव्हेंबर

तोड काढली. कबूल न करता पाप फेडायची. माझ्या दारातली वाळू उचलायची आणि तिच्या खडकावर नेऊन टाकायची. सगळी नव्हे, खड्ड्यांपुरती, पट्टा तो केवढासा तिचा! लोकांना सांगायचं दान आहे, रोज्यांचा महिना तोंडावर आहे. आक्काची कलिंगडाची वाडी होईल, माझी अब्रू राहील. हसीनाला म्हटलं, कशी आहे युक्ती? ती म्हणाली तुमच्या युक्त्यांना आता नदी पण घाबरते.

अडचण एकच. ट्रॅक्टर ज्ञानूचा.

१८ नोव्हेंबर

ज्ञानूकडं गेलो. अंगणात उभं ठेवलं मला बराच वेळ, हक्कच आहे त्याचा. मी म्हटलं जाईआक्काचं काम आहे. त्यानं माझं तोंड बघितलं नाही. म्हणाला, "तिच्यासाठी येतो. तुझ्या डिझेलचा एक थेंब नको."

२१ नोव्हेंबर

रोजे सुरू झाले आहेत. आज ट्रॉल्या चालू झाल्या. मतीन आणि मी फावड्यानं भरतोय, ज्ञानू नेऊन ओततोय. गावात माझी वाहवा चालली आहे. मशिदीत मौलानांनी पाठ थोपटली. सरपंच म्हणाले अध्यक्ष असावा तर असा. आणि जाईआक्का! वाळू ओतली की ती हातानं सारखी करते आणि भेटेल त्याला सांगते की आपल्या पोटचा पुण्याला आणि परका पाठीशी.

उपाशीपोटी एवढं कौतुक पचत नाही.

२२ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहिणार आहे, हात दुखला तरी.

दहाच्या सुमारास ट्रॉली भरून निघाली आणि रस्त्यावर तलाठी भाऊसाहेब मोटरसायकल आडवी लावून उभे. सोबत कोतवाल. हातात माझा अर्ज. माझाच! अक्षरही माझं. भाऊसाहेब म्हणाले, तहसीलचा हुकूम आहे, विनापरवाना वाळूची गाडी जप्त. आणि हा माणूस तर आधी दंड भरलेला. ज्ञानू, ट्रॅक्टर भोरला घे.

बघता बघता निम्मा गाव जमला. मी म्हटलं भाऊसाहेब, दान आहे हे. ते म्हणाले, दानाचा परवाना कुठं आहे? म्हटलं नदीतली वाळू नदीतच नेतोय, पन्नास पावलांवर. भाऊसाहेबांनी कोतवालाकडं बघितलं, कोतवालानं आभाळाकडं. नदीतून नदीत न्यायचा नियम कुणाला माहीत नव्हता. पण जप्तीचा होता. ते म्हणाले, कारण काय लिहू पंचनाम्यात? वाळू इकडची तिकडं का नेताय ते खरं सांगा, नाहीतर चोरी लिहितो.

लोकांतून कुणीतरी म्हणालं, लिहा, ह्यानंच आधी पण नेली आहे बाईची. ज्ञानूनं किल्ली काढली आणि भाऊसाहेबांच्या हातात द्यायला पुढं झाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या ट्रॅक्टरवर त्याचं घर चालतं. आणि तोंडात माझ्या रोजा.

मी म्हटलं, "ज्ञानूनं काही नेली नाही. वाळू मी अडवलीय. माझ्या टायरांनी. आक्काची वाळू माझ्या दारात पडलीय, ती परत नेतोय. तसंच लिहा."

मग सगळं सांगितलं. कार्यक्रम, लाईट, दुसऱ्यांदा कार्यक्रम. सांगताना लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं, एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी म्हणाले, ह्याला कुठलं कलम लावू तेच कळेना, मी गेलो. ज्ञानूला किल्ली परत दिली.

जाईआक्का गर्दीत पुढंच उभी होती. मी सांगत होतो तेव्हा ती माझ्याकडं नाही, टायरांकडं बघत होती. वाटलं आता ऐकवते. ती वळली आणि आपल्या खडकावर जाऊन फावडं घेऊन वाळू पसरायला लागली.

ज्ञानूनं ट्रॅक्टर चालू केला. म्हणाला, "बस की ट्रॉलीत. अजून लई खेपा हायेत." मी बसलो. रडलो थोडा. वाळू डोळ्यात गेली असं मतीनला सांगितलं.

२४ नोव्हेंबर

आज शेवटची खेप टाकली. तिचा पट्टा भरला. खड्ड्यांपुरती वाळू झाली आहे, बऱ्यापैकी.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. संध्याकाळी रोजा सोडायला बसलो होतो तेवढ्यात ती दारात आली. हसीनानं खजूर पुढं केला, तिनं घेतला, पण बसली नाही.

मी म्हटलं आक्का, चुकलं माझं. काय शिक्षा द्यायची ती दे.

ती म्हणाली, "शिक्षेचं ऱ्हाऊ दे. टायर कवा काढतोस?"

खरं सांगतो, हा विचार मी केलाच नव्हता. वाळू परत दिली, फिटलं असं मला वाटत होतं. टायरांत एवढ्यात वाम चांगली बसली आहे, ईदला पाहुणे येणार आहेत. किकवीची माणसं परत यायची आहेत. मी म्हटलं, काढू की, ईद होऊ दे, उन्हाळा होऊ दे, पावसाळ्याच्या आत बघू.

ती म्हणाली, "ज्ञानूच्या ट्रॉलीनं एक साल निघंल. माझी वाळू नदी आणायची, दरसाल, फुकट, कुणाला न सांगता. तुला काढायचं नसंल तर आत्ताच सांग. अजितला उद्या फोन करते. बी लावून मग जायला माझा पाय निघायचा न्हाई."

एवढं बोलून ती उभी राहिली, उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही अशी. हसीना माझ्याकडं बघत होती. मी हातातलं सरबत खाली ठेवलं.

मी उठलो, चपला घातल्या आणि ज्ञानूच्या घरी गेलो. तो जेवत होता. म्हटलं वायररोपला ट्रॅक्टर लावायचा आहे. त्यानं विचारलं कधी. म्हटलं उजाडलं की.

परत आलो तर दोघी ओट्यावर बसून बी निवडत होत्या. मी दुकानातून मोठी कटावणी काढून दाराशी ठेवली आणि मतीनला निरोप पाठवला, ह्या वेळी मटण मिळणार नाही, तरी ये.